माइंड मॅपसाठी कोणतं टूल घ्यावं? सोसायटीच्या पुनर्विकासाचं उदाहरण घेऊन समजून घेऊया

"माइंड मॅपसाठी सगळ्यात चांगलं ॲप कोणतं?" या प्रश्नाचं सरसकट उत्तर देता येत नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला जे सोयीचं पडतं, ते दहा जणांच्या कमिटीला पडेलच असं नाही. त्यामुळे या लेखात नुसती ॲपची यादी न देता आपण एक खरंखुरं काम समोर ठेवणार आहोत आणि त्या कामाच्या कसोटीवर एकेक टूल तपासणार आहोत.

ते काम म्हणजे कोपरखैरण्यातल्या एखाद्या जुन्या हाउसिंग सोसायटीचा पुनर्विकास. नवी मुंबईत हा विषय सध्या घरोघरी आहे. वाशीपासून कोपरखैरणेपर्यंत अनेक इमारतींनी तिशी ओलांडली आहे. स्लॅबचं प्लास्टर पडतंय, बिल्डरचे फोन येतायत आणि कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवीन पीडीएफ येऊन पडतेय. पण कुठल्या कामानंतर कुठलं काम हे सभासदांना एका नजरेत कळत नाही. त्यातून गैरसमज होतात, गैरसमजातून भांडणं. माइंड मॅप नेमका इथे उपयोगी पडतो.

माइंड मॅप म्हणजे नेमकं काय?

मधोमध एक विषय लिहायचा. त्यातून मोठ्या फांद्या काढायच्या, फांद्यांतून उपफांद्या. प्रत्येक ठिकाणी लांब वाक्य न लिहिता एक-दोन शब्दच लिहायचे. ही पद्धत लोकप्रिय केली ती ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी. १९७४ साली बीबीसीवर त्यांची 'यूज युअर हेड' ही मालिका आली आणि माइंड मॅप हा शब्द सगळीकडे पोचला. आपल्याकडे दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'आकृतिबंध पूर्ण करा' असा प्रश्न असतो ना, मधे एक चौकट आणि भोवती रिकाम्या चौकटी? तोच या कल्पनेचा जवळचा भाऊ.

एक तांत्रिक गोष्ट इथेच लक्षात घ्या, पुढे टूल निवडताना ती लागेल. माइंड मॅप हा झाडासारखा असतो, म्हणजे प्रत्येक फांदीला एकच आई असते. पण खऱ्या आयुष्यात एक गोष्ट दोन ठिकाणी अडकलेली असते. उदाहरणार्थ, सिडकोची परवानगी ही 'परवानग्या' या फांदीत बसते, पण ती 'कागदपत्रं' या फांदीतल्या भाडेपट्ट्याच्या करारावर अवलंबून असते. अशा दोन लांबच्या फांद्या जोडणारी तिरकी रेघ टूलमध्ये काढता यायला हवी. सुरुवातीला ही सोय किरकोळ वाटते, पण मोठ्या कामात तिच्यावाचून अडतं.

आधी कागदावर फांद्या काढा

टूल उघडण्याआधी कोरा कागद घ्या. आपल्या उदाहरणात मोठ्या फांद्या साधारण अशा निघतील:

- कागदपत्रं: भाडेपट्टा करार, मंजूर नकाशे, सभासद नोंदवही, ऑडिट अहवाल
- सभा आणि संमती: विशेष सर्वसाधारण सभा, गणपूर्ती, लेखी संमती, इतिवृत्त
- तज्ज्ञ: आर्किटेक्ट किंवा पीएमसी, वकील, फिजिबिलिटी रिपोर्ट
- परवानग्या: सिडको, नवी मुंबई महानगरपालिका, अग्निशमन, महारेरा
- विकासक: निविदा, तुलना, करार, बँक हमी
- आपलं घर: नवीन क्षेत्रफळ, मधल्या काळातलं भाडं, मुलांच्या शाळा, आजारी आणि वृद्ध सभासद
- न सुटलेले प्रश्न: ज्याचं उत्तर अजून कोणाकडे नाही असं सगळं

'सभा आणि संमती' या फांदीत आकडे स्पष्ट लिहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासन निर्णयात, पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी असं आहे. म्हणजे समजा ४० सभासद असतील, तर किमान २७ जण हजर आणि किमान २१ जणांची संमती. नियमात नंतर काही बदल झाला आहे का, हे सभेआधी उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या. मॅपवर '२७ हजर, २१ संमती' एवढं दिसलं की प्रत्येकाला आपल्या हजेरीचं वजन कळतं.

आता या कामाला कोणतं टूल लागेल ते ठरवायला सहा प्रश्न विचारूया.

प्रश्न १: मराठी नीट दिसतं का?

बहुतेक इंग्रजी परीक्षणांमध्ये हा मुद्दाच नसतो. देवनागरीत अक्षरांची जोडाजोड होते, वेलांट्या-मात्रा वर जातात, उकार खाली जातात. काही टूल्समध्ये चौकट इतकी घट्ट असते की वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो. काहींमध्ये स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं आणि पीडीएफ काढली की जोडाक्षरं फुटतात.

यासाठी एक चाचणीची ओळ घ्या आणि प्रत्येक टूलमध्ये टाकून पाहा: "क्षेत्रफळ, उद्दिष्ट, कोपरखैरणे, ऱ्हास, दुसऱ्या, ॲग्रीमेंट, ऑडिट, श्री, ज्ञानेश्वर". स्क्रीनवर, पीडीएफमध्ये आणि चित्र म्हणून सेव्ह केल्यावर, अशा तीन ठिकाणी पाहा. कुठे ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं किंवा हलन्त पाय मोडके दिसले, तर त्या टूलचा फाँट बदलून बघा. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्त आणि लोहित हे फाँट मोफत मिळतात.

शोधण्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक म्हणजे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं म्हणजे 'अ' वर अर्धचंद्र देऊन. 'दुसऱ्या' मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते वेगळे वाटू शकतात. त्यामुळे एकाने एका कीबोर्डवर 'ॲग्रीमेंट' लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर सापडत नाही. उपाय सोपा आहे: मॅपमध्ये 'करारनामा' सारखे शब्द ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तेच वापरा.

सोसायटीच्या जुन्या नोटिसा युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर तिथला मजकूर थेट कॉपी-पेस्ट केल्यावर अगम्य चिन्हं येतात. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

प्रश्न २: फाइल कोणाच्या हातात राहते?

सोसायटीच्या कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. पुनर्विकास त्याहून लांबू शकतो. आजच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून मॅप बनवला आणि उद्या ते कमिटीत नसले, तर मॅप कोणाचा?

म्हणून दोन गोष्टी पाहा. पहिली, खातं लागतच असेल तर ते सोसायटीच्या ईमेलवर उघडा. दुसरी, फाइल बाहेर काढता येते का आणि कोणत्या रूपात? माइंड मॅपच्या जगात 'डॉट एमएम' ही फाइल जवळजवळ सामाईक भाषेसारखी आहे. फ्रीमाइंड नावाच्या जुन्या मुक्त सॉफ्टवेअरची ती फाइल. आत साधा एक्सएमएल मजकूर असतो, आणि फ्रीप्लेन, एक्समाइंड, माइंडमायस्टर, कॉगल अशी बरीच टूल्स ती उघडू शकतात. नुसतं चित्र किंवा पीडीएफ देणाऱ्या टूलमधून पुढच्या कमिटीला मॅप बदलता येत नाही, सगळा परत काढावा लागतो.

प्रश्न ३: मोफत म्हणजे किती मोफत?

माइंडमायस्टरच्या मोफत योजनेत तीनच मॅप ठेवता येतात. कॉगलमध्ये मोफत खात्यावर खाजगी आकृत्या तीन, सार्वजनिक मात्र हव्या तेवढ्या. काही टूल्स मोफत वापरणाऱ्याच्या पीडीएफवर स्वतःची खूण छापतात. या अटी कंपन्या बदलत असतात, म्हणून काम सुरू करायच्या दिवशी त्यांच्या किमतीच्या पानावर एकदा नजर टाका.

पैसे भरायचे असतील तर 'एकदाच' की 'दरमहा' हे बघा. मासिक वर्गणी बंद झाल्यावर जुने मॅप निदान वाचता येतात का, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

प्रश्न ४: फोनवर आणि इंटरनेटशिवाय चालतं का?

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. वाशीच्या बाजार समितीत आयुष्य घालवलेली ही कुटुंबं बरीचशी सातारा, पाटण, जुन्नर भागातली. निवृत्तीनंतर अनेकजण वर्षातले काही महिने गावी असतात. सभासद तेही आहेत आणि मत त्यांचंही लागतं. त्यांना "या लिंकवर लॉगिन करा" सांगून भागणार नाही. डोंगरात रेंज असेल-नसेल.

त्यामुळे बनवणाऱ्याला काय लागतं आणि बघणाऱ्याला काय लागतं, हे वेगळं करा. बनवणारे दोन-तीन जण कॉम्प्युटरवर बसतील. बघणाऱ्या बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर एक स्वच्छ पीडीएफ किंवा चित्र मिळालं की पुरे. म्हणजे टूलमध्ये 'सगळ्यांनी मिळून एकाच वेळी संपादन' ही चमकदार सोय नसली तरी आपलं काही अडत नाही.

प्रश्न ५: कोणाकोणाला दिसतं?

वर म्हटलं तसं काही टूल्समध्ये मोफत मॅप सार्वजनिक असतो. लिंक फिरत कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून एक नियम पाळा: कोणाची थकबाकी, कोणाच्या फ्लॅटवरचं कर्ज, कोणत्या घरात वारसाचा वाद, हे मॅपवर कधीच लिहू नका. तिथे 'थकबाकी: नोंदवही पाहा' एवढंच लिहा आणि नोंदवही कपाटात ठेवा. इच्छुक विकासकांच्या दरांची तुलनाही निविदा उघडेपर्यंत ऑनलाइन मॅपमध्ये नको.

प्रश्न ६: कागदावर छापता येतं का?

नोटीस बोर्ड अजूनही सगळ्यात जास्त वाचला जातो. ए-४ कागदावर मोठा मॅप छापला तर अक्षरं मुंगीएवढी होतात. ए-३ कागद त्याच्या बरोबर दुप्पट असतो आणि झेरॉक्सच्या दुकानात सहज मिळतो. ए-३ वर वाचता यावं असं वाटत असेल तर एका मॅपमध्ये ४०-५० नोंदींच्या वर जाऊ नका. जास्त असेल तर प्रत्येक मोठ्या फांदीचा वेगळा मॅप करा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये रंगांचा फरक जातो, म्हणून 'झालं', 'चालू', 'अडलं' हे रंगाने न दाखवता शब्दात लिहा.

आता टूल्स पाहूया

फ्रीप्लेन. फ्रीमाइंडमधूनच पुढे निघालेलं मुक्त सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, खातं लागत नाही, इंटरनेट लागत नाही, मॅपच्या संख्येवर मर्यादा नाही. टॅब दाबलं की उपफांदी, एंटर दाबलं की शेजारची फांदी, एवढ्यावर काम सुरू होतं. दोन लांबच्या फांद्यांना जोडणारी रेघ काढता येते, फांदीला पासवर्ड लावता येतो, पीडीएफ-चित्र-वेबपान असं सगळं काढता येतं. तोटे: दिसायला जुनाट आहे, मेनू भरमसाट आहेत आणि फोनसाठी त्यांचं ॲप नाही.

एक्समाइंड. दिसायला देखणं, शिकायला सोपं, कॉम्प्युटर आणि फोन दोन्हीवर. सभेत प्रोजेक्टरवर दाखवायला छान. बऱ्याच सोयी मात्र पैसे भरल्यावरच खुल्या होतात. त्याची फाइल आतून झिप असते आणि एक्समाइंडशिवाय ती पूर्ण नीट उघडेलच याची खात्री नसते, म्हणून एक प्रत दुसऱ्या रूपातही काढून ठेवा.

माइंडमायस्टर आणि कॉगल. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना एकाच वेळी काम करायचं असेल तर हे सोयीचे. मुलगा पुण्यात, वकील ठाण्यात, सेक्रेटरी सेक्टरमध्ये, असं असेल तर विचार करा. मोफत मर्यादा आणि खाजगीपणा हे दोन मुद्दे वर आलेच आहेत.

सिंपलमाइंड. फोन किंवा टॅबवरच काम करणाऱ्यांसाठी. मोफत आवृत्तीत प्राथमिक गोष्टी मिळतात, पुढच्या सोयींसाठी प्रो आवृत्ती एकदाच पैसे देऊन घेता येते.

मार्कमॅप. हे जरा वेगळं आहे. तुम्ही साधी यादी टाइप करायची, मथळ्यापुढे पाउंडचं चिन्ह आणि मुद्द्यापुढे आडवी रेघ, की त्याचा मॅप आपोआप तयार होतो. मूळ मजकूर साधाच राहत असल्यामुळे तो पन्नास वर्षांनीही उघडेल. ब्राउझरच देवनागरी दाखवत असल्याने जोडाक्षरं सहसा बिघडत नाहीत. पण फांद्या हाताने हलवता येत नाहीत आणि तिरक्या रेघाही नाहीत.

ड्रॉ डॉट आयओ. मोफत, खातं लागत नाही, फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर किंवा ड्राइव्हवर राहते. प्रत्येक चौकट हाताने मांडावी लागते, म्हणून विचार करताना हे हळू पडतं. पण 'आधी हे, मग ते' असा क्रमाचा तक्ता काढायला माइंड मॅपपेक्षा हेच बरं.

नोटबुकएलएम. गूगलच्या या एआय टूलमध्ये २०२५ पासून, अपलोड केलेल्या कागदपत्रांवरून आपोआप मॅप बनवायची सोय आली. शंभर पानी शासकीय कागदाची तोंडओळख करून घ्यायला चांगलं. मात्र सभासदांची खाजगी कागदपत्रं त्यात टाकू नका. एखादी अट मॅपमध्ये आलीच नाही, तर ती मूळ कागदात नाही असं समजू नका. आकडा आणि तारीख मूळ पानावर जाऊनच पाहायची.

अर्ध्या तासात चाचणी

1. वरच्यापैकी दोनच टूल्स निवडा. पाच-सहा उघडून बसलात तर महिना तुलनेतच जाईल.
2. दोन्हींत 'सभा आणि संमती' ही एकच फांदी मराठीत काढा.
3. चाचणीची ओळ टाका, पीडीएफ काढा आणि जोडाक्षरं तपासा.
4. 'डॉट एमएम' किंवा साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढा आणि दुसऱ्या टूलमध्ये उघडून बघा.
5. पीडीएफ घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या फोनवर पाठवा. चष्मा लावून, न विचारता वाचता आली तर टूल पास.

पाचवी पायरी टाळू नका. टूल शेवटी त्यांच्यासाठीच आहे.

माइंड मॅप कुठे कमी पडतो?

मॅप म्हणजे इतिवृत्त नाही आणि करारही नाही. सभेत काय ठरलं ते इतिवृत्तातच लिहायचं. मॅपवर फार तर 'इतिवृत्त, ठराव क्रमांक अमुक' असा दाखला द्यायचा. तारखांचा हिशोब, भाड्याचे आकडे, क्षेत्रफळाची तुलना यांना स्प्रेडशीटच लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मॅप काढणारा माणूस मधल्या गोलात काय लिहितो, यावर सगळ्यांचा विचार कुठून सुरू होणार ते ठरतं. मधे 'विकासकाची निवड' लिहिलं तर सगळ्या फांद्या बिल्डरभोवती फिरतात, आणि तळमजल्यावरच्या आजी मधली तीन-चार वर्षं कुठे राहणार हा प्रश्न कोपऱ्यातही येत नाही. मधे 'आपली घरं' लिहिलं तर विकासक ही सातपैकी एक फांदी होते. मॅपवर जे लिहिलेलं असतं ते डोळ्यांत भरतं. जे राहून गेलं ते मात्र कोणाला दिसतच नाही. म्हणून पहिला मॅप एकट्याने बनवून ग्रुपवर 'फायनल' म्हणून टाकू नका. ए-३ वर छापा, जिन्याखाली लावा, शेजारी दोरीला पेन बांधा आणि आठवडाभर लोकांना फांद्या वाढवू द्या. त्यानंतर टूलमध्ये दुरुस्त करा. 'न सुटलेले प्रश्न' ही फांदी याचसाठी आहे. ती रिकामी दिसली तर लोकांनी अजून मॅप वाचलेला नाही असं समजा.

मग घ्यायचं काय?

आपल्या उदाहरणातल्या सोसायटीसाठी आमचा सल्ला: मूळ मॅप फ्रीप्लेनमध्ये, फाइल सोसायटीच्या ईमेलच्या ड्राइव्हवर आणि एका पेन ड्राइव्हवर, सभासदांना पीडीएफ व्हॉट्सॲपवर आणि ए-३ प्रत नोटीस बोर्डवर. कॉम्प्युटर कोणाकडेच नसेल तर सिंपलमाइंड. वेगवेगळ्या गावांतून एकत्र काम करायचं असेल तर माइंडमायस्टर, पण दर महिन्याला फाइल बाहेर काढून ठेवायच्या अटीवर. टाइप करणाऱ्याला यादीच सोपी वाटत असेल तर मार्कमॅप.

तुमचं काम वेगळं असेल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, लग्नाची तयारी, छोटा धंदा, तरी हे सहा प्रश्न तसेच लागू पडतात, उत्तरं तेवढी बदलतील. एकट्यासाठीच मॅप काढत असाल तर प्रश्न ४ आणि ५ सैल सोडा. परीक्षेसाठी असेल तर हाताने काढलेला मॅप बहुतेकदा जास्त लक्षात राहतो, तेव्हा टूल नाही घेतलं तरी चालेल. पण मॅप दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर प्रश्न २ कधीच सोडू नका. पुढच्या कमिटीला तो उघडता आणि बदलता यायला हवा.